गावात सेवाभावी संस्था उभी करताना : मराठवाड्यातील नवोदितांसाठी मार्गदर्शन

मराठवाड्याच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी थोडी चौकशी केली, की नोंदणी झालेल्या, लेटरहेड आणि शिक्का तयार असलेल्या, परंतु कित्येक वर्षांत एकही सभा न झालेल्या संस्थांची नावे सहज निघतात. त्यांच्या संस्थापकांचा हेतू वाईट होता असे नव्हे. बहुतेकांना गावासाठी मनापासून काही करायचे होते आणि नोंदणीचे प्रमाणपत्र हाती आले म्हणजे अर्धे काम झाले, असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात नोंदणी हा या वाटेवरचा सर्वांत सोपा टप्पा आहे. त्यानंतर दरवर्षी वेळेवर सभा होणे, हिशेब तपासून घेणे आणि झालेला प्रत्येक बदल धर्मादाय कार्यालयात (चॅरिटी कमिशनरच्या कार्यालयात) नोंदवणे, यांवर संस्था टिकते. ज्या तरुणांना, बचत गटांतील महिलांना किंवा निवृत्त शिक्षकांना प्रथमच असे काम हाती घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी ही माहिती क्रमाने मांडली आहे.

आधी गरज, मग संस्था

पहिली पायरी कागदाची नाही. आपल्या परिसरात नेमका कोणता प्रश्न आहे, तो कोणाचा आहे आणि त्यावर आधीपासून कोण काम करत आहे, हे शोधण्याची ती पायरी आहे. मराठवाड्यात यासाठी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये अंबाजोगाई येथे मानवलोक ही संस्था सुरू केली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील घरबांधणीत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिलांना संवाद सहायक म्हणून पुढे आणले आणि प्रशासन व गावकरी यांच्यात त्या दुवा ठरल्या. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच महिलांना प्राथमिक आरोग्याचे शिक्षण देऊन भारतवैद्य म्हणून उभे केले. बीड जिल्ह्यातील आर्वी येथील शांतिवन ऊसतोड कामगारांच्या आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांच्या मुलांसाठी काम करते. या कामांचा बारकाईने विचार केला, तर प्रत्येकाची सुरुवात एका ठरावीक प्रश्नापासून आणि ठरावीक परिसरापासून झालेली दिसते. नवोदितांच्या घटनेत मात्र शिक्षण, आरोग्य, शेती, महिला, वृद्ध, पर्यावरण आणि क्रीडा हे सारे एकाच पानावर येते, आणि पहिल्या वर्षी नेमके काय करणार, या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नसते.

प्रश्न शोधणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता अशी गणना असते, आणि हंगाम संपेपर्यंत गावात आजी-आजोबा व शाळेत जाणारी मुले उरतात. अशा गावात मुलांसाठी काही करायचे ठरले, तर प्रथम मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती यांच्याबरोबर बसून यादी करावी: कोणत्या घरातील मूल मागे राहिले, कोणाजवळ राहिले, कोणते मूल आईवडिलांबरोबर फडावर गेले, आणि शाळेत शासनाचे हंगामी वसतिगृह सुरू झाले आहे की नाही. वसतिगृह चालू असेल, तर नवे वसतिगृह काढण्यापेक्षा संध्याकाळचा अभ्यास किंवा मुलींची आरोग्य तपासणी यांची गरज अधिक असू शकते. ही यादी हातात असल्याशिवाय संस्थेचे नावसुद्धा ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जवळपास चांगले काम करणारी संस्था असल्यास एक-दोन हंगाम तिच्याबरोबर स्वयंसेवक म्हणून काम करावे. पुष्कळदा स्वतंत्र संस्थेची गरजच उरत नाही.

कोणत्या कायद्याखाली नोंदणी करावी

महाराष्ट्रात तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग संस्था नोंदणी अधिनियम, १८६० याचा असून त्यासाठी किमान सात सदस्य लागतात. आपल्या राज्यात अशा संस्थेला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी करावी लागते, म्हणून एकाच संस्थेला दोन प्रमाणपत्रे आणि दोन क्रमांक मिळतात, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या आधी एफ हे अक्षर असते. दुसरा मार्ग विश्वस्तपत्र (ट्रस्ट डीड) करून केवळ १९५० च्या अधिनियमाखाली न्यास, म्हणजे ट्रस्ट, नोंदवण्याचा आहे. तिसरा मार्ग कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खालील कंपनीचा आहे, परंतु तिचे वार्षिक अनुपालन खर्चिक असल्याने गावपातळीवरील छोट्या कामाला तो सहसा परवडत नाही. एखाद्या कुटुंबाने आपली मालमत्ता देऊन ठरावीक उद्देशासाठी काही उभे करायचे असेल, तर न्यास सोयीचा ठरतो. गावातील लोकांनी एकत्र येऊन, ठरावीक मुदतीने निवडणूक घेऊन कारभार चालवायचा असेल, तर पहिला मार्ग योग्य ठरतो. मराठवाड्यातील बहुतेक सामाजिक आणि शैक्षणिक संस्था त्याच मार्गाने आलेल्या आहेत.

सात माणसे आणि घटना

सात नावे जमवण्यासाठी घरातील भाऊ, भावजय, मेहुणे यांची नावे घालण्याची पद्धत सर्रास दिसते. ती टाळावी. एकाच घरातील कार्यकारिणी असलेल्या संस्थेला गाव आपली संस्था मानत नाही, आणि पुढे घरात वाटणीचा वाद झाला, की तो वाद संस्थेत शिरतो. सातांपैकी किमान एकाला हिशेबाची आवड असावी, एकाला कार्यालयीन पत्रव्यवहाराची सवय असावी, आणि ज्यांच्यासाठी काम करायचे आहे त्या वस्तीतील, तांड्यावरील किंवा वाडीवरील किमान दोन माणसे त्यांत असावीत. महिलेचे नाव केवळ कागदापुरते घेऊन तिच्या पतीने सभेत बसणे हा प्रकार पहिल्याच सभेत बंद करावा, कारण एकदा चालवून घेतलेली गोष्ट पुढे प्रथा होऊन बसते.

त्यानंतर उद्देशपत्र आणि नियमावली तयार होते. या दोहोंना मिळून लोक घटना म्हणतात. झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारी घटना नाव बदलून दाखल करण्याचा मोह आवरावा, कारण पुढील प्रत्येक वादात अधिकारी सर्वप्रथम तेच कागद उघडतात. सदस्यत्व कसे मिळते व कसे जाते, कार्यकारिणीची मुदत किती वर्षांची आहे, वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना किती दिवस आधी आणि कोणत्या रीतीने द्यायची, गणपूर्ती (कोरम) किती, पद रिकामे झाल्यास ते कोणी भरायचे, बँकेचे व्यवहार कोणाच्या सह्यांनी होतील आणि संस्था बंद झाल्यास तिची मालमत्ता कोणाकडे जाईल, या बाबी स्वच्छ शब्दांत लिहाव्यात. मुदतीचे कलम मोघम ठेवले, तर जुनी कार्यकारिणी पदावर राहण्याचा हक्क सांगते, नवी कार्यकारिणी निवडणुकीचा ठराव दाखवते, आणि दोन्ही गट वर्षानुवर्षे तारखा घेत राहतात. संस्था बंद झाल्यास मालमत्ता सदस्यांत वाटली जाणार नाही, तर समान उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेकडे जाईल, असे कलमही असावे, कारण आयकर विभाग नोंदणीच्या वेळी ते पाहतो.

नाव ठरवताना शासकीय खाते किंवा महामंडळ असल्याचा भास होईल असे शब्द वापरू नयेत.

अर्ज आणि चौकशी

अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या धर्मादाय कार्यालयात करायचा असतो. १८६० च्या अधिनियमाखालील नोंदणीचे काम पाहणारे सहायक संस्था निबंधकही तेथेच असतात. उद्देशपत्र, नियमावली, कार्यकारिणीची यादी, सदस्यांची संमतीपत्रे, ओळखीचे व पत्त्याचे पुरावे, कार्यालयाच्या जागेबद्दल मालकाचे ना-हरकत पत्र आणि त्या जागेचा वीजबिल, कर पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या आकारणीचा उतारा) असा पुरावा, तसेच शपथपत्र ही कागदपत्रे साधारणपणे लागतात. बऱ्याच गोष्टी आता ऑनलाइन भराव्या लागतात, तरीही प्रत्येक कागदाचा एक मूळ संच संस्थेच्या दप्तरात ठेवावा. नावाचे स्पेलिंग आधार, पॅन आणि अर्ज यांत एकसारखे असल्याची खात्री करावी. गावाकडे आडनाव एका कागदावर असते आणि दुसऱ्यावर नसते, आणि तेवढ्यावरून अर्जात त्रुटी निघते.

संस्था नोंदल्यानंतर १९५० च्या अधिनियमाच्या कलम १८ खाली सार्वजनिक न्यास म्हणून अर्ज करायचा असतो आणि त्यासाठी न्यास निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांची मुदत आहे. त्यावर हरकती मागवल्या जातात, कलम १९ खाली चौकशी होते आणि आदेशानंतर संस्थेची नोंद परिशिष्ट १ वर येते. संस्थेचे नाव, विश्वस्तांची (म्हणजे कार्यकारिणीच्या सदस्यांची) नावे, उद्देश आणि मालमत्ता या सर्वांची अधिकृत नोंद म्हणजे हे परिशिष्ट. याची प्रमाणित प्रत पहिल्याच दिवशी काढून ठेवावी, कारण बँक, आयकर कार्यालय आणि देणगीदार कंपनी तीच मागतात.

पैसा आला की पावती

संस्थेच्या नावाने पॅन काढून बँकेत खाते उघडावे आणि ते दोन सह्यांनी चालवावे, त्यांपैकी एक सही कोषाध्यक्षाची असावी. कोषाध्यक्ष बाहेरगावी राहतो म्हणून त्याच्याकडून कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ठेवण्याची पद्धत धोक्याची आहे. अशा कोषाध्यक्षाने पद सोडलेले बरे.

पावती पुस्तकाकडे विशेष लक्ष द्यावे. छापतानाच पुस्तकाला आणि प्रत्येक पावतीला अनुक्रमांक असावा, किती पुस्तके छापली व कोणाकडे कोणते पुस्तक दिले याची नोंदवही असावी, आणि रद्द झालेली पावती फाडून न टाकता मूळ व स्थळप्रत दोन्ही पुस्तकातच ठेवून त्यांवर ‘रद्द’ असे लिहून सही करावी. देणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि शक्यतो पॅन घ्यावा. ज्वारीचे पोते, वह्यांचा गठ्ठा किंवा ब्लँकेट अशा वस्तूरूपाने मदत आली, तरी पावती द्यावी आणि साठा नोंदवहीत आवक-जावक लिहावी. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीत मराठवाड्यात पूर आला, तशा प्रसंगी ट्रक भरून साहित्य येते आणि रात्रीतून वाटले जाते; त्या धावपळीत वही बाजूला पडते आणि पुढे गावात कुजबुज सुरू झाली, की दाखवायला काहीच नसते. वाटपाच्या यादीवर घेणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि त्या वस्तीतल्या एका साक्षीदाराची सही घेतली, तर हा प्रसंग येत नाही.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत सनदी लेखापालाकडून लेखापरीक्षण करून घ्यावे आणि अहवाल धर्मादाय कार्यालयात दाखल करावा. वर्षभरात एक रुपयाचाही व्यवहार झाला नसला, तरी हिशेब दाखल करण्याची जबाबदारी संपत नाही. निष्क्रिय झालेल्या संस्था बहुधा येथेच पहिल्यांदा चुकतात.

करसवलत, कंपन्या आणि परदेशी निधी

आयकरात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोकांच्या तोंडी १२-अ असलेली नोंदणी संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावरील करमाफीसाठी असते आणि ८०-जी ही मान्यता देणगीदाराला वजावट मिळावी यासाठी असते. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा अर्ज भरताना नव्या क्रमांकांची लेखापालाकडून खात्री करून घ्यावी. दोन्ही मान्यता मुदतीच्या असतात आणि नूतनीकरणाची तारीख चुकली, तर करमाफीला मुकावे लागते. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर देणगीदाराला वजावट मिळत नाही, हे त्याला आधीच सांगावे. शासकीय अनुदानासाठी अर्ज करायचा असेल, तर नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद करून क्रमांक घ्यावा.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) निधीसाठी सीएसआर-१ हा नमुना भरावा लागतो आणि सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा कामाचा पूर्वानुभव लागतो, त्यामुळे पहिल्या वर्षी वाळूज किंवा पुण्यातल्या कंपन्यांच्या दारात जाऊन वेळ घालवण्यात अर्थ नाही. परदेशी निधीसाठी २०१० च्या परदेशी योगदान (विनियमन) अधिनियमाखाली नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षे कार्यरत असावी लागते, त्या काळात मूळ उद्देशांवर पंधरा लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात, आणि निधी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावा लागतो. गावचा एखादा मुलगा परदेशात नोकरीला असून त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परदेशी योगदान ठरत नाही. मात्र त्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल, तर ती ठरते. हा फरक न पाहता रक्कम स्वीकारू नये.

बदल अहवाल

विश्वस्त बदलला, वारला, त्याने राजीनामा दिला, नवी कार्यकारिणी निवडून आली, संस्थेचा पत्ता बदलला किंवा नवी मालमत्ता मिळाली, तर कलम २२ प्रमाणे तो बदल घडल्यापासून ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात कळवावा लागतो. यालाच सारे चेंज रिपोर्ट म्हणतात. संस्थेच्या आयुष्यात याहून अधिक दुर्लक्षित कागद नाही आणि याहून अधिक वाद निर्माण करणाराही नाही. संस्थापक अध्यक्षांचे निधन होऊन बरीच वर्षे लोटली आहेत, गावात सर्वांना माहीत असलेले नवे अध्यक्ष काम पाहत आहेत, परंतु परिशिष्ट १ वर अजूनही मृत व्यक्तीचेच नाव आहे, अशी स्थिती अनेक ठिकाणी असते. बँकेने खाते गोठवले किंवा अनुदानाचा अर्ज परत आला, की धावपळ सुरू होते, आणि तोपर्यंत मधल्या दोन निवडणुकांची इतिवृत्ते सापडत नाहीत.

यासाठी सभेपासूनच शिस्त लागते. सभेची सूचना घटनेत सांगितलेल्या मुदतीत आणि रीतीने निघाली पाहिजे व ती पोहोचल्याचा पुरावा, म्हणजे सूचनावहीतील सही किंवा टपालाची पोच, जपला पाहिजे. केवळ व्हॉट्सॲपवर टाकलेला निरोप घटनेत तशी तरतूद नसताना पुरेसा धरला जाईल, असे गृहीत धरू नये. इतिवृत्तात हजर सदस्यांच्या सह्या, ठरावाचा पूर्ण मजकूर, सूचक व अनुमोदक यांची नावे असावीत, आणि ते सभेनंतर लगेच लिहिले जावे. राजीनामा देणाऱ्याकडून लेखी राजीनामा व पुढे शपथपत्र, मृत विश्वस्ताच्या बाबतीत मृत्यू प्रमाणपत्र आणि नव्या विश्वस्ताचे संमतीपत्र त्याच आठवड्यात गोळा करावे. मुदत उलटली असल्यास विलंब माफीचा अर्ज जोडून अहवाल दाखल करता येतो. तो टाळत राहण्यापेक्षा आज दाखल केलेला बरा.

जमीन मिळाली तर

गावात कोणी मोठ्या मनाने जमीन देऊ केली, की किरकोळ किमतीच्या मुद्रांकावर नोटरी करून लगेच भूमिपूजन केले जाते. स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय मालकी संस्थेकडे येत नाही. मराठवाड्यात तर त्याआधीही पुष्कळ पाहावे लागते, कारण येथील जमिनींच्या मागे निजामकाळाचा इतिहास आहे. चालू सातबारा स्वच्छ दिसत असला, तरी १९५४-५५ चे खासरा पत्रक (जमिनीची जुनी महसुली नोंद) आणि जुने फेरफार काढून जमीन इनामाची, देवस्थानाची, वक्फची किंवा कुळाची तर नव्हती ना, हे पाहावे, मुंतखबाचा (निजामकाळातील इनामाच्या दाखल्याचा) उल्लेख आढळला तर जाणकार वकिलाकडून त्याचा अर्थ समजून घ्यावा, आणि भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय हस्तांतरित न होणारी जमीन) असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी. गायरान जमीन सरपंचाच्या तोंडी शब्दावर घेऊ नये. शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेण्यावर निर्बंध आहेत, ते संस्थेलाही लागू होऊ शकतात. बक्षीसपत्र झाल्यावर फेरफार करून घ्यावा आणि मालमत्ता परिशिष्ट १ वर आणण्यासाठी बदल अहवाल दाखल करावा.

एकदा जमीन संस्थेची झाली, की ती विश्वस्तांच्या मर्जीने विकता येत नाही. कलम ३६ प्रमाणे विक्री, अदलाबदल, बक्षीस, तसेच शेतजमीन दहा वर्षांहून अधिक किंवा बिगरशेती जमीन व इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देणे, यांसाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. कर्ज काढण्यासाठीही मंजुरी लागते.

मुले सांभाळायची असतील तर

अनाथ किंवा संरक्षणाची गरज असलेली मुले निवासी ठेवायची असतील, तर केवळ धर्मादाय नोंदणी पुरेशी नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ खाली स्वतंत्र नोंदणी सक्तीची आहे, मूल बाल कल्याण समितीच्या आदेशानेच संस्थेत येते, आणि नोंदणीशिवाय संस्था चालवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा किमान एक लाख रुपये दंड होऊ शकतो. कोणी रस्त्यावर सापडलेले मूल आणून दिले, तर ते परस्पर ठेवून न घेता १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे. अशा मुलांची ओळख उघड होईल असे छायाचित्र किंवा माहिती प्रसिद्ध करण्यास कलम ७४ मनाई करते. देणगीदार वाढदिवसाला येऊन मुलांच्या रांगेसमोर छायाचित्र काढण्याचा आग्रह धरतात, तेव्हा त्यांना नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणावे. मुलांना दुसऱ्याच्या दयेचा देखावा करण्यास भाग पाडणे मला कायद्याइतकेच माणुसकीच्या दृष्टीनेही अमान्य आहे.

दप्तर सुपूर्द करणे

कार्यकारिणी बदलली, की जुन्या सचिवाने नव्या सचिवाकडे दप्तर यादी करून द्यावे. मूळ नोंदणी प्रमाणपत्रे, परिशिष्ट १ ची अद्ययावत प्रत, मंजूर घटना, सूचनावही, इतिवृत्त पुस्तक, सदस्य नोंदवही, वापरलेली व कोरी पावती पुस्तके, व्हाउचरच्या फाइली, रोजकीर्द व खतावणी, दरवर्षीचे लेखापरीक्षण अहवाल व ते दाखल केल्याच्या पोच, प्रलंबित बदल अहवालांचे क्रमांक, मालमत्तेची कागदपत्रे, पॅन व आयकर पोर्टलचे पासवर्ड, तसेच नोंदणीकृत मोबाइल क्रमांक कोणाच्या नावावर आहे, हे सर्व त्या यादीत असावे. मोबाइलचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, परंतु ओटीपी जुन्या सचिवाच्या फोनवर जात राहिला, तर नवी कार्यकारिणी साधे विवरणपत्रसुद्धा भरू शकत नाही. यादीच्या दोन प्रतींवर दोघांच्या सह्या घ्याव्यात, एक प्रत इतिवृत्त पुस्तकाला जोडावी आणि बँकेतील सह्यांचे अधिकार बदलण्याचा ठराव त्याच सभेत करावा.